अंगावर काढलेला ताप

आषाढाच्या सरी कोसळू लागल्या की माहुलीचे सुळके ढगांत बुडून जातात आणि माळशेजच्या कड्यांवरून शुभ्र धारा झेपावू लागतात. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याची मंडळी गाड्या भरभरून घाटाकडे निघतात. वाटेत दोन्ही बाजूंना पोपटी रोपांची खाचरे पसरलेली दिसतात. त्यांत कमरेतून वाकलेल्या माणसांच्या ओळी दिसतात. इरल्याची जागा आता प्लास्टिकच्या कागदाने घेतली असली, तरी चित्र तेच आहे. शहरवासीय क्षणभर थांबतात, छायाचित्र टिपतात आणि पुढे जातात. छायाचित्रात चिखलाखाली गेलेले पाय तेवढे येत नाहीत. आणि या लेखाचा विषय ते पायच आहेत.

शहापूर आणि मुरबाड या ठाणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांत भाताची आवणी म्हणजे वर्षाचा निर्णय. राब भाजून तयार केलेली रोपे वेळेत खाचरात गेली नाहीत, तर वर्षभराचे अन्न गेले. म्हणून या दिवसांत घरातले कोणी आजारी पडत नाही. खरे म्हणजे, आजारी पडण्याची कोणाला सवड नसते. अंगात कणकण आली, डोके ठणकू लागले, पोटऱ्या पिळवटून निघाल्या, तर दिवसभर वाकून काम केल्याने असे होणारच, अशी समजूत करून घेतली जाते. गावातल्या दुकानातून ताप उतरविणारी एखादी गोळी आणली जाते. दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा खाचरात उभा राहतो. 'ताप अंगावर काढणे' हा मराठीतला वाक्प्रचार अशा कष्टकरी घरांतूनच घडला असावा. परंतु खाचरातला एक ताप असा आहे की, तो अंगावर काढणाऱ्याला कधी कधी अंगासकट घेऊन जातो. त्याचे नाव लेप्टोस्पायरोसिस. लोकांच्या तोंडी नुसता 'लेप्टो'.

प्रश्नचिन्हाच्या आकाराचा शत्रू

हा रोग नवा नाही. १८८६ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गचे वैद्यक-प्राध्यापक अडॉल्फ वाइल यांनी ताप, कावीळ आणि मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र दिसणाऱ्या रुग्णांचे वर्णन केले. या रोगाच्या तीव्र रूपाला आजही त्यांचे नाव आहे. पुढे १९१५ च्या सुमारास जपानमध्ये इनादा आणि इदो या संशोधकांनी क्यूशू बेटावरील कोळसा खाणकामगारांच्या आजाराचा माग काढत त्याचा जंतू शोधून काढला. तो स्क्रूसारखा पीळदार आणि अतिशय बारीक असून त्याची टोके आकड्यासारखी वळलेली असतात. सूक्ष्मदर्शकाखाली तो प्रश्नचिन्हासारखा दिसला, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातही प्रश्नाचा अर्थ येऊन बसला. जर्मनीत त्याला चिखलाचा ताप म्हणत, चीनमध्ये भातशेतीची कावीळ, तर जपानी शेतकरी शरद ऋतूतला ताप. नावे निराळी असली, तरी चिखल, पाणी, भात आणि राबणारे पाय हे सर्वत्र एकच होते.

या जंतूचे घर माणूस नव्हे. उंदीर आणि घुशी यांच्या मूत्रपिंडात तो सुखाने नांदतो. त्यांना त्याचा फारसा त्रास होत नाही. गुरे, डुकरे, कुत्री यांच्याही शरीरात तो वस्ती करतो. त्यांच्या मूत्रावाटे तो ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात उतरतो. ऊन आणि कोरडेपणा त्याला सोसत नाही. पण दलदलीत आणि सावलीतल्या ओलीत तो आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो. बांधाच्या बिळात उंदीर, बांधाखाली पाणी आणि पाण्यात अनवाणी माणूस, असा हा संबंध आहे. खेकड्याने पाडलेला ओरखडा, कोयत्याचा निसटता घाव किंवा तासन्तास भिजून पांढरी पडलेली, भेगाळलेली बोटे एवढे दार त्याला पुरते. डोळ्यांत उडालेल्या चिखलाच्या थेंबातूनही तो आत येतो. साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप चढतो. तोवर ती लावणी संपलेली असते आणि कोणत्या खाचरात काय घडले, याची आठवणही पुसून गेलेली असते.

जगभरात दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोकांना हा रोग होतो आणि सुमारे ५९ हजार माणसे त्याने दगावतात, असा अंदाज २०१५ मध्ये संशोधकांनी मांडला. यांत मोठा वाटा उष्ण कटिबंधातील गरीब, कष्टकरी माणसांचा आहे.

शहर बुडाले तेव्हा नाव कळले

महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय घरात 'लेप्टो' हा शब्द खऱ्या अर्थाने पोहोचला तो २००५ मध्ये. २६ जुलैच्या त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मुंबई बुडाली, उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-कल्याणचा परिसरही पाण्याखाली गेला. पाणी ओसरले, आणि ऑगस्टमध्ये तापाच्या रुग्णांनी मुंबईची रुग्णालये भरून गेली. गुडघाभर पाण्यातून घरी चालत आलेला कारकून, विद्यार्थी, दुकानदार असे सारे त्यांत होते. रोगाचे नाव वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. महापालिकेने प्रतिबंधक औषधाच्या गोळ्या वाटल्या. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्याने लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने औषध घ्यावे, ही सूचना आता मुंबईत दर पावसाळ्यात दिली जाते. हे योग्यच झाले.

परंतु एक प्रश्न उरतो. मुंबईकर त्या पाण्यातून एक संध्याकाळ चालला. शहापूर-मुरबाडचा शेतकरी आणि त्याच्या शेतावर मजुरीला जाणारा ठाकूर, कातकरी, महादेव कोळी वनवासी बांधव तशाच पाण्यात आषाढ-श्रावणाचे कित्येक आठवडे उभा असतो. एका संध्याकाळीच्या धोक्यासाठी जी तत्परता दाखविली जाते, तिच्या शतांशाने तरी ती महिनाभराच्या धोक्यासाठी दाखविली जाते काय? शहराचा पूर हा प्रसंग असतो, त्याची बातमी होते. खाचराचा पूर नित्याचा असतो, म्हणून तो बातमीत नसतो.

तिसरा दिवस आणि सातवा दिवस

लेप्टो झालेले बहुसंख्य रुग्ण बरे होतात, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. उगाच भीती पसरविण्यात कोणाचे हित नाही. दहातील नऊ जणांना सौम्य ताप येऊन जातो. खरी कसोटी उरलेल्या दहाव्याची असते आणि तो दहावा कोण, हे पहिल्या दिवशी कोणालाही सांगता येत नाही.

पहिल्या काही दिवसांत थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी, कंबर आणि पोटऱ्यांत असह्य वेदना, आणि पू न येता लाल झालेले डोळे ही लक्षणे दिसतात. पोटरी दाबली तरी रुग्ण कळवळतो, ही अनुभवी वैद्यांची जुनी खूण. मग पुष्कळदा एक फसवा टप्पा येतो. ताप उतरतो, माणसाला बरे वाटते, तो पुन्हा कामाला लागतो. घरच्यांनी निःश्वास सोडलेला असतानाच दुसरा घाला पडतो. डोळे पिवळे होतात, लघवी गडद आणि कमी होऊ लागते, नाका-हिरड्यांतून रक्त येते. मूत्रपिंडे काम थांबवितात. काहींच्या हृदयाच्या स्नायूला, काहींच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते. सर्वांत भयंकर प्रकार फुफ्फुसांत रक्तस्राव होण्याचा. सकाळी नुसता खोकला, दुपारी थुंकीत रक्त आणि रात्री श्वास पुरेनासा, इतक्या वेगाने तो वाढू शकतो. कावीळ व मूत्रपिंडाच्या बिघाडाच्या तीव्र रूपात शंभरातील पाच ते पंधरा रुग्ण दगावतात. फुफ्फुसांतील तीव्र रक्तस्रावात हे प्रमाण निम्म्याच्याही पुढे जाते.

अंदमानने हे रूप जवळून पाहिले आहे. १९८८ पासून तेथे पावसाळ्यानंतर एक अनाकलनीय ताप येऊ लागला. तरणीताठी माणसे रक्त ओकत दगावू लागली. त्याला 'अंदमानचा रक्तस्रावी ताप' असे नाव मिळाले. तो लेप्टोच आहे, हे सिद्ध व्हायला काही वर्षे जावी लागली. रोग ओळखता आला नाही, तोवर त्यावरचा उपाय हाताशी असूनही नसल्यासारखाच होता.

या साऱ्या कथेतील वेदनादायक भाग हाच आहे. कर्करोगासारखा हा दुर्धर रोग नव्हे. वेळेवर दिले तर डॉक्सिसायक्लिनच्या साध्या, स्वस्त गोळ्यांनी किंवा पेनिसिलिनसारख्या जुन्या इंजेक्शनने जंतू आटोक्यात येतो. मूत्रपिंडे बंद पडली तरी योग्य वेळी डायलिसिस मिळाल्यास ती बहुधा पूर्ववत होतात. आयुष्यभराचे पंगुत्व येत नाही. म्हणजे ज्ञान आणि औषध दोन्ही आहे. रुग्ण आणि औषध यांची भेट मात्र तिसऱ्या दिवसाऐवजी सातव्या दिवशी होते. लेप्टोने होणारे पुष्कळसे मृत्यू हे उशिराने होणारे मृत्यू आहेत.

उशीर कोठे होतो?

पहिला उशीर घरात होतो. त्याचे कारण वर आले आहे. रोजंदारीवर जाणाऱ्याने एक दिवस दवाखान्यात घालविला, तर त्या दिवसाची मजुरी जाते आणि भाड्याचे पैसे वेगळेच. त्याला आळशी वा अडाणी म्हणणे हा अन्याय आहे. तो हिशेब करतो आणि त्याच्या परिस्थितीत तो हिशेब बरोबरही असतो. फक्त या एका रोगात तो चुकतो.

दुसरा उशीर निदानात होतो. पावसाळ्यात हिवताप, डेंग्यू, लेप्टो आणि गोचिडीसारख्या किड्यांच्या चाव्याने येणारे ताप एकाच वेळी सुरू असतात आणि पहिल्या दोन दिवसांत ते जुळ्या भावंडांसारखे दिसतात. रक्ताच्या थेंबात हिवतापाचे जंतू आढळले नाहीत की 'साधा ताप' असा निर्वाळा मिळतो. प्लेटलेट्स कमी आढळल्या की सारे लक्ष डेंग्यूकडे वळते, वास्तविक लेप्टोतही त्या घटतात. लेप्टोची नेहमीची रक्तचाचणी शरीराने तयार केलेल्या प्रतिद्रव्यांवर अवलंबून असते आणि ती द्रव्ये पाच-सात दिवसांपूर्वी पुरेशी तयार होत नाहीत. त्यामुळे तिसऱ्या दिवशी चाचणी नकारात्मक आली तरी रोग नाही, असे ठरत नाही. म्हणूनच भातशेतीच्या प्रदेशात, पावसाळ्यात, चिखलात काम केलेल्या तापाच्या रुग्णाला चाचणीची वाट न पाहता संशयावरूनच औषध सुरू करावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. डॉक्टरांनी विचारायला हवा असा पहिला प्रश्न 'किती ताप आहे?' हा नसून 'गेल्या पंधरवड्यात खाचरात उतरला होतात काय?' हा आहे. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर रुग्णाने ते आपण होऊन सांगितले पाहिजे.

तिसरा उशीर चुकीच्या उपचारांत होतो. अंगदुखी थांबावी म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात वेदनाशामक सुई टोचून घेण्याची सवय खेडोपाडी रुजली आहे. अशी अनेक वेदनाशामके मूत्रपिंडावर ताण आणतात. आधीच घेरलेल्या मूत्रपिंडावर तो दुसरा वार ठरतो. दुसरी गोष्ट काविळीची. कावीळ उतरविण्यासाठी झाडपाल्याचे औषध देणाऱ्या जाणकाराकडे जाण्याची परंपरा या भागात जुनी आहे. लोकपरंपरेतील वनौषधींच्या ज्ञानाचा अनादर करण्याचे कारण नाही. परंतु ज्ञानाला आपली मर्यादाही ठाऊक असावी लागते. नेहमीच्या विषाणूजन्य काविळीत डोळे पिवळे होईतो ताप बहुधा उतरलेला असतो. डोळे पिवळे आणि ताप कायम, किंवा डोळे पिवळे आणि लघवी कमी, ही जोडी दिसली तर ती रुग्णालयाचीच कावीळ. गावातल्या जाणकारानेच 'हा माझा रुग्ण नव्हे, याला तातडीने हलवा' असे म्हटले, तर त्याच्या विद्येचा मानच वाढेल.

पाण्याच्या वाटेने रुग्ण

चौथा उशीर रस्त्याचा. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे, खेड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. पण ज्या रुग्णाला डायलिसिस, कृत्रिम श्वसन, रक्तघटक आणि अहोरात्र देखरेख एकाच छताखाली हवी असते, त्याला बहुतेक वेळा कल्याण, ठाणे, कळवा असे टप्पे घेत अखेर मुंबई गाठावी लागते. मुरबाडला रेल्वे नाही. शहापूर-कसाऱ्याकडच्या पाड्यावरून डांबरी सडकेपर्यंतच पावसात झोळीने आणावे लागते, अशा वस्त्या आजही आहेत. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात धावते आणि तिने असंख्य प्राण वाचविले आहेत. मात्र ओढ्याला पूर आला की तीही अलीकडेच थांबते.

येथे एक विरोधाभास मन अस्वस्थ करतो. १८९२ मध्ये बांधून पूर्ण झालेले तानसा आणि त्यानंतरचे विशाल भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातली. मुरबाडच्या गावांची जमीन पोटात घेऊन बारवीचा जलाशय विस्तारला. या पाण्यावर मुंबई आणि ठाण्याची नगरे जगतात. शेकडो कोटींच्या जलवाहिन्या डोंगर पोखरून शहरापर्यंत गेल्या आणि त्यांतून पाणी न थांबता वाहते. त्याच दिशेने, त्याच मार्गाला समांतर, शहापूर-मुरबाडचा अत्यवस्थ रुग्ण खड्डे चुकवीत शहराकडे निघतो. तालुक्याचे पाणी शहरात काही तासांत पोहोचते. शहरातली अतिदक्षता तालुक्यात का पोहोचू नये? ज्या भूमीने महानगराची तहान भागविली, तिच्या दोन तालुक्यांत पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरती तरी पुरेशा डायलिसिसची, प्राणवायूची आणि प्रशिक्षित वैद्यकांची सोय पूर्ण ताकदीने उभी ठेवणे, हे उपकार नसून ऋण फेडणे होय.

विचार करण्याजोगी आणखी एक गोष्ट आहे. शेतात साप चावून शेतकरी दगावला, तर शासनाच्या शेतकरी अपघात योजनेतून कुटुंबाला दोन लाखांचे साह्य मिळते. त्याच शेतात, त्याच बांधावर, उंदराने सोडलेल्या जंतूने तो दगावला तर तो 'आजार' ठरतो. वास्तविक दोन्ही मृत्यू खाचरानेच दिलेले आहेत. लोकप्रतिनिधींनी हा भेद विधिमंडळात मांडावा.

गोठा, गाय आणि दक्षता

गुरांचा उल्लेख झाल्याने कोणी गैरसमज करून घेऊ नये. या रोगाचा मुख्य वाहक उंदीर आहे. शेतकऱ्याचा बैल हा त्याच्याप्रमाणेच या जंतूचा बळी ठरू शकतो. गाईला संसर्ग झाला तर ती गाभ टाकते, दूध आटते. एकाच वाडीतल्या दोन-तीन गाईंनी लागोपाठ गाभ टाकला, तर तो केवळ दैवाचा फेरा मानून स्वस्थ बसू नये, पशुवैद्यकाला बोलवावे. ती गुरांची व्यथा तर आहेच, शिवाय माणसांसाठी पूर्वसूचनाही आहे. गोठ्यात मूत्र साचू न देणे, जमीन कोरडी राखणे, पेंढा आणि धान्य उंदरांपासून जपणे, गोठा साफ करताना पायांवर जखम असल्यास ती झाकणे, हीच गोसेवा आणि हीच गोपालकाची सेवा. मुकी जनावरे, माणूस आणि माती यांचे आरोग्य एकाच धाग्यात गुंफलेले आहे, हे आधुनिक विज्ञान आज सांगते. या देशातल्या शेतकऱ्याला ते नव्याने शिकवावे लागू नये.

बैल जाण्याआधी

'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण या रोगाच्या बाबतीत दर ऑगस्टमध्ये खरी ठरते. मृत्यू झाला की फवारणी, पाहणी, शिबिर. दक्षिण गुजरातने निराळा मार्ग धरला. सुरत-वलसाड पट्ट्यातील भात-उसाच्या शेतांत १९९० च्या दशकात या रोगाने थैमान घातले, तेव्हा पावसाळ्यापूर्वीच शेतमजुरांची यादी करणे, धोक्याच्या आठवड्यांत प्रतिबंधक गोळ्या देणे आणि तापाचा प्रत्येक रुग्ण लगोलग शोधणे, अशी पद्धत तेथे बसविली गेली. २०१८ च्या महापुरानंतर केरळनेही गोळ्यांचे मोठे वाटप केले. या गोळ्या कवचकुंडले नव्हेत. उत्तर अंदमानात झालेल्या चाचणीत त्यांनी संसर्ग थांबविला नाही. मात्र प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांचे प्रमाण घटले. गर्भवती आणि लहान मुलांना त्या चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याविना कोणी त्या वाटू नयेत, घेऊ नयेत.

गमबूट घाला, हा उपदेशही शहरी आहे. गुडघाभर चिखलात बूट रुतून बसतो, हे लावणी केलेला कोणीही सांगेल. त्यापेक्षा जखमेवर घट्ट पट्टी, काम संपताच स्वच्छ पाण्याने व साबणाने पाय धुणे, खाचरातले पाणी तोंडाला न लावणे आणि लावणीपूर्वी सर्व शेजाऱ्यांनी मिळून बांधांवरील उंदीर आवरणे, हे साध्य आहे. एकट्याने उंदीर मारले तर ते शेजारच्या शेतातून परत येतात. हे काम गावाने मिळूनच करावे लागते.

समाजात काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला, मंडळाला आणि कार्यकर्त्याला येथे करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी निधीपेक्षा पायपीट अधिक लागते. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाड्यापाड्यावर जाऊन चार वाक्ये सांगायची आहेत: चिखलात काम केल्यावर ताप आला तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना, डॉक्टरांना चिखलाचे काम सांगा, दुखणे दाबणारी सुई मागू नका, डोळे पिवळे, लघवी कमी, दम किंवा रक्त दिसले तर क्षणाचाही विलंब नको. आशा ताईंच्या बरोबरीने एखाद्या तरुणाने तापाच्या घरी सलग पाच दिवस फेरी मारली, तर फसवा टप्पा फसवू शकणार नाही. आजाऱ्याच्या वाट्याची लावणी वाडीने एकत्र येऊन उरकली, तर तो निश्चिंतपणे दवाखान्यात जाईल. एकमेकांच्या शेतावर पाळीपाळीने राबण्याची रीत कोकणपट्टीला परकी नाही. तिचा उपयोग निरोगी माणसांपुरता का असावा?

आवणी थांबणार नाही, थांबूही नये. त्या चिखलातूनच अन्न उगवते. मात्र ते पिकविणाऱ्याने त्याची किंमत प्राणांनी मोजावी, असा काही निसर्गाचा नियम नाही. पुढच्या आषाढात माळशेजच्या वाटेवर गाडी थांबवून हिरव्या खाचरांकडे पाहणाऱ्याने क्षणभर त्या वाकलेल्या माणसांच्या पायांचाही विचार करावा. आणि त्या माणसांपैकी कोणाला ताप आला, तर तो अंगावर काढण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, हे पाहणे साऱ्या समाजाचे काम आहे.